भार पेलणारी सायकल

वजन शंभर किलोंच्या आसपास पोचले आहे, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लागलेला नाही आणि आता रक्तदाबाचे किंवा साखरेचे आकडे पाहून डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली आहे. अशा माणसाच्या मनात सायकलचा विचार आला की पहिला प्रश्न उभा राहतो, ‘सायकल माझे वजन घेईल का?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. अठ्ठावीस इंची चाकांची, लोखंडी नळ्यांची ती काळी सायकल मागे दुधाचे कॅन लटकवून, दळणाचे पोते लादून किंवा डबलसीट घेऊन मैलोन् मैल जात असे. चालवणारा आणि ओझे मिळून दीडशे किलोंचा भार तिच्यासाठी रोजचा होता. तिच्या मागच्या चाकात चाळीस आरे असत आणि पुढच्या चाकात बत्तीस, कारण भार मागे जास्त पडतो हे ती घडवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आज मात्र वजनदार गिऱ्हाईक दुकानात आले की बोलणे फ्रेमच्या हलकेपणावर, गिअरच्या संख्येवर, पुढच्या शॉकअपवर आणि जेलच्या मऊ सीटवर जाते. माझे म्हणणे असे की या चारही गोष्टी दुय्यम आहेत. बसणाऱ्याचे वजन सायकलवर सगळीकडे सारखे पडत नाही. ते मागच्या चाकावर, तिथल्या आऱ्यांवर आणि टायरवर, आणि शरीराच्या बाजूने बैठकीच्या दोन हाडांवर एकवटते. त्या जागा पाहून सायकल निवडली तर ती आरामाची होते. नाही तर महिन्याभरात आरा तुटतो, बूड दुखते, पहिल्या चढावर धाप लागते, सायकल गॅलरीत जाऊन उभी राहते आणि माणूस दोष देतो स्वतःच्या शरीराला. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे.

‘आधी चालून वजन उतरवा, मग सायकल घ्या’ असा सल्ला हितचिंतक हमखास देतात. चालणे उत्तमच आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांच्या जड माणसासाठी हा क्रम बरोबर आहे का, हे तपासायला हवे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच बल मोजणारी साधने बसवून हे प्रत्यक्ष मोजले आहे. त्यांच्या 2010 च्या मोजमापांत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडे जास्त बल येत होते आणि जिना उतरताना ते साडेतीनपटीच्या जवळ जात होते. 2012 मध्ये त्याच गटाने जागेवरच्या सायकलवर मोजले तेव्हा मध्यम जोरात हे बल वजनाच्या सव्वापटीच्या आसपास राहिले. रुग्ण मोजकेच होते, तरी कारण सरळ असल्याने निष्कर्ष पटतो. सायकलवर धडाचा भार सीट घेते आणि गुडघ्याकडे फक्त पायडल दाबण्याचे काम उरते. 105 किलोंच्या माणसाला प्रत्येक पावलाला गुडघ्यावर पावणेतीनशे किलोंएवढा दाब सोसावा लागतो, तो सायकलवर निम्म्याखाली येतो. म्हणजे वजन उतरल्यावर करायचा व्यायाम असे सायकलकडे पाहण्याची गरज नाही, वजन असतानाच ती जास्त उपयोगी आहे. त्याच मोजमापांत आणखी एक गोष्ट दिसली. तेवढीच शक्ती लावताना पाय भराभर फिरवले तर गुडघ्यावरचे बल कमी होते. गिअरची निवड याच मुद्द्यावर ठरते.

पण सुरुवात मागच्या चाकापासून करू. सरळ बसून चालवताना एकूण भाराचा साठ ते पासष्ट टक्के वाटा मागच्या चाकावर येतो. माणूस 105 किलो आणि सायकल 15 किलो धरली, तर 120 पैकी 70 ते 80 किलो एकट्या मागच्या चाकावर, आणि खड्ड्यात आपटताना त्याच्या कितीतरी पट. हे वजन पेलतात दोन मिलिमीटर जाडीचे आरे. ते पेलण्याची रीत मोठी विलक्षण आहे. आरे मुळातच ताणून बसवलेले असतात. चाकावर भार आला की जमिनीकडच्या तीन-चार आऱ्यांचा ताण कमी होतो आणि चाक पुढे फिरले की तो पुन्हा भरून येतो. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने 1981 च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोडीसह मांडले. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आत असतो, म्हणजे एका किलोमीटरला चाक पावणेपाचशेच्या आसपास फेरे घेते आणि प्रत्येक आरा तितक्याच वेळा सैल-घट्ट होतो. हजार किलोमीटरमध्ये हा आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. आरा एका धक्क्याने क्वचितच तुटतो. या ये-जा करणाऱ्या ताणाने धातू थकतो आणि आरा हबच्या कडेशी जिथे वाकवलेला असतो तिथे तुटतो. ताण मुळात कमी असेल तर आरा प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल पडतो आणि लवकर थकतो. जड माणसाच्या चाकाचे आरे तुटतात ते बहुधा ताण कमी किंवा असमान असल्यामुळे. मशीनवर घाईने बांधलेल्या स्वस्त चाकांत हा दोष सर्रास आढळतो.

म्हणून दुकानात फ्रेमचा रंग पाहण्याआधी मागच्या चाकाचे आरे मोजावेत. शंभर किलोंपुढच्या माणसाला 36 आरे चांगले. 32 चालतील, पण रीम दुहेरी भिंतीची आणि बांधणी नीट हवी. 28 किंवा त्याहून कमी आऱ्यांची दिसायला नाजूक चाके सोडून द्यावीत. आऱ्यांच्या जोड्या बोटांनी दाबून पाहाव्यात, एका बाजूचे सगळे साधारण सारखे घट्ट लागले पाहिजेत. सायकल घेतल्या घेतल्या एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून चाकाचा आउट काढून आऱ्यांचा ताण समान करून घ्यावा. या कामाला एका टायरच्या किमतीएवढाही खर्च येत नाही आणि चाकाचे आयुष्य कितीतरी वाढते. ज्या दुकानात हे काम मन लावून करणारा माणूस आहे ते दुकान थोडे महाग वाटले तरी निवडावे, असे मी आग्रहाने म्हणेन. त्याच चाकात आणखी एक गोष्ट लपलेली असते. सात दात्रीचक्रांच्या स्वस्त गिअरच्या सायकलींत बहुधा हबवर आट्याने बसवलेले फ्रीव्हील असते. त्यात चेनच्या बाजूचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत राहतात आणि मधला एक्सल बिनआधाराचा लांब लोंबतो. जड माणसाच्या भाराखाली तो वाकतो, कधी मोडतोही. शिमानो कंपनीने 1978 मध्ये फ्रीहब आणला. त्यात छर्रे टोकाकडे सरकले आणि ही कमजोरी जवळजवळ संपली. आठ किंवा त्याहून अधिक चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, बसणारा असा फ्रीहब हा वजनदार माणसाने पैसे घालावेत असा भाग आहे. दुकानदाराला ‘मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?’ एवढे जरी विचारले तरी पुढचे बोलणे नीट मार्गाला लागते.

टायरच्या बाबतीत एक जुना समज आड येतो, की बारीक आणि दगडासारखा टणक टायर हलका पळतो. खरखरीत रस्त्यावर हे खरे नाही. फार टणक टायर प्रत्येक खडीवर अख्खी सायकल आणि वरचे शरीर उचलतो आणि त्या थरथरीत ताकद वाया जाते. रुंद टायर कमी हवेत चालतो, खडबडीतपणा स्वतःच्या अंगात जिरवतो आणि रीमही वाचवतो. फ्रँक बर्टो या अमेरिकन तंत्रलेखकाने घालून दिलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: माणूस बसल्यावर टायरची उंची साधारण पंधरा टक्क्यांनी दबली की हवा योग्य. 105 किलोंच्या माणसाला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये हा हिशोब जमवायचा तर हवा इतकी भरावी लागते की आरामाचा प्रश्नच संपतो. कमी भरली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रीमखाली चिमटून एकदम दोन भोके पडतात. म्हणून 40 मिलिमीटर ही माझ्या मते खालची मर्यादा. 45 ते 50 उत्तम. पन्नासच्या आसपासच्या टायरमध्ये मागे 45 ते 50 पीएसआय आणि पुढे पाच-सात कमी, इथून सुरुवात करून अंदाज घ्यावा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही, त्यासाठी काटा असलेला उभा पंप घरी हवा आणि आठवड्यातून एकदा हवा पाहायला हवी, कारण ट्यूबमधून ती हळूहळू निघतच असते. जड माणसाचे निम्मे पंक्चर याच एका सवयीने टळतील.

रुंद टायर घेतल्यावर पुढच्या शॉकअपची गरज बहुतेक उरत नाही. मध्यम किमतीच्या सायकलींवरचा स्प्रिंगचा शॉकअप सरासरी वजन डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. जड माणूस बसला की तो आधीच बराच खाली जातो आणि खरा खड्डा येतो तेव्हा दबायला जागाच उरलेली नसते. शिवाय तो दोन-अडीच किलोंचा असतो आणि चढावर पायडल मारताना वरखाली होऊन ताकद खातो. मागेही शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींबद्दल तर न बोललेले बरे. इथे कोणी म्हणेल, दोन-अडीच किलोंची एवढी काळजी करायची, तर मग हलकी सायकलच का घेऊ नये? त्याचा हिशोब मांडता येतो. एकूण 120 किलोंचा भार सपाटीवर ताशी 15 किलोमीटर वेगाने नेताना टायरच्या घर्षणाला चाळीसेक आणि हवेला तीसेक वॉट लागतात. सायकल चार किलोंनी हलकी केली तर त्यातला जेमतेम सव्वा-दीड वॉट वाचतो. चढावर बचत तीन-साडेतीन टक्क्यांची. त्याच्या कितीतरी पट शक्ती हवा उतरलेला टायर खातो. चार किलो कमी करण्यासाठी मोजावे लागणारे हजारो रुपये चाक, टायर आणि ब्रेकवर घातले तर सायकल पंधरा-सोळा किलोंची राहते, पण विश्वासाची होते. शॉकअपविरुद्धचा माझा आक्षेप वजनापेक्षा त्याच्या निरुपयोगीपणावर आहे.

गिअरची संख्या किती हे महत्त्वाचे नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे महत्त्वाचे. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली बिनगिअरची सायकल पायडलच्या एका फेऱ्याला साडेपाच मीटरच्या जवळ पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर होतो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर 120 किलोंचा भार या वेगाने न्यायला चारशेहून अधिक वॉट लागतील. मुरलेल्या सायकलपटूलाही ते फार वेळ जमणार नाही. मग नवखा माणूस पायडलवर उभा राहून, गुडघ्यांवर सगळा भार टाकून, कूर्मगतीने रेटतो आणि शंभर पावलांत उतरतो. पुढे 28 आणि मागे 34 दाते असतील तर एका फेऱ्याला पावणेदोन-एक मीटर. तेच साठ फेरे, तोच चढ, वेग ताशी सहा-साडेसहा आणि शक्ती शंभर ते सव्वाशे वॉट. हे कष्टाचे आहे, पण बसल्या जागी, बेताबेताने जमण्यासारखे आहे. पुण्यात कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना, साताऱ्यात किंवा रत्नागिरीत घरापासून बाजारापर्यंत जाताना हाच फरक सायकल चालणार की हातात धरून न्यावी लागणार, ते ठरवतो. तेव्हा ‘एकवीस गिअर’ या पाटीने हुरळून न जाता पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते मोजावेत. मागचा आकडा पुढच्याइतका किंवा जास्त असेल तर सायकल जड माणसाच्या कामाची. मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या सपाट भागात राहणाऱ्याने एवढे ताणून धरले नाही तरी चालेल, पण उड्डाणपूल तिथेही आहेतच.

आता सीट. सायकल सोडून देण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. वजनदार माणसाला मऊ आणि पसरट सीट हवी असे सगळ्यांना वाटते, दुकानदारालाही. दुकानात दोन मिनिटे बसून पाहिले तर ती सुखाचीच लागते. पण माणसाने बसायचे असते ते ओटीपोटाच्या खाली असलेल्या दोन हाडांवर. ही हाडे भार घेण्यासाठीच घडलेली आहेत. फार मऊ जेलमध्ये ती रुततात आणि मधला भाग वर येऊन दोन मांड्यांमधल्या नाजूक जागेवर, तिथल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाबतो. वीस मिनिटांनी मुंग्या येतात, बधिरपणा येतो. फार रुंद सीट मांड्यांना घासते आणि कातडी सोलवटते. शिवाय बैठकीच्या हाडांमधले अंतर वजनावर अवलंबून नसते. ते सांगाड्यावर ठरते, स्त्रियांत सरासरीने थोडे अधिक असते. घरी ते मोजता येते. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा पायरीवर ठेवून त्यावर दोन मिनिटे टेकून बसावे आणि उठल्यावर दिसणाऱ्या दोन खोलगट खुणांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजावे. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी कळते. जितके सरळ बसणार तितकी थोडी अधिक. गादी असावी, पण बोटाने दाबल्यावर तळ लागणार नाही अशी घट्ट. मध्ये खाच असलेली सीट बऱ्याच जणांना मानवते. खालचे रेल पोलादी असावेत. सीट जमिनीला समांतर ठेवून मग थोडा बदल करून पाहावा. पहिले दहा-पंधरा दिवस हाडांवर दुखणारच, ते अंगवळणी पडते. बधिरपणा मात्र कधीही अंगवळणी पाडून घेऊ नये. तो आला की थांबावे आणि सीटची रुंदी, कल किंवा उंची बदलावी.

उंचीचा प्रश्न भीतीशी जोडलेला आहे. खूप वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात आणि वजन जास्त असेल तर पडण्याची भीतीही जास्त, ती अगदी रास्त आहे. म्हणून सीट खाली घेतली जाते. मग गुडघा प्रत्येक फेऱ्यात फार दुमडतो, त्याच्या वाटीमागे दाब वाढतो, मांड्या पोटावर येतात आणि पायांची ताकद पायडलपर्यंत पोचतच नाही. सीटची बरोबर उंची म्हणजे पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल, आणि पंजा ठेवला तर गुडघ्यात थोडासा बाक राहील. या उंचीवर बसून पाय पूर्ण टेकत नाहीत, थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. इथे दांडा आडवा येतो. उतरता किंवा अगदी खाली घेतलेला दांडा असलेली फ्रेम, जिला आपण सरसकट ‘लेडीज सायकल’ म्हणून बाजूला सारतो, ती या माणसासाठी सर्वांत सोयीची. पाय मागून उंच फिरवून टाकावा लागत नाही, घाईत उतरता येते, साडी किंवा सलवारही अडकत नाही. फ्रेम थोडी कमी ताठ होते हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे, पण जाड नळ्यांच्या आजच्या फ्रेममध्ये सावकाश चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. नेदरलँड्समध्ये पुरुषही अशा सायकली बिनदिक्कत वापरतात. आपल्याकडच्या पुरुषांनी संकोच सोडला तर कित्येकांची सायकल पहिल्या पडण्याशी थांबणार नाही. हँडल सीटच्या उंचीला किंवा किंचित वर असावे. खाली वाकवणाऱ्या हँडलने पोट दाबले जाते, श्वास कोंडतो आणि तळहातांवर भार येतो. अगदी काठीसारखे ताठ बसले तर सगळा भार कण्यावर आणि सीटवर जातो. किंचित पुढे कललेली बैठक या दोन्हींच्या मधली. पोटाला गुडघे लागत असतील तर क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड घेण्याचा उपाय फार थोड्यांना माहीत असतो. 170 ऐवजी 160 मिलिमीटरचा क्रँक लावला की सीट दहा मिलिमीटर वर घेता येते आणि वरच्या टोकाला गुडघा कमरेच्या मानाने वीस मिलिमीटर खाली राहतो. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण प्रत्येक फेऱ्यात पोट आणि मांडी यांच्यामधली तेवढी मोकळीक मोठी असते.

ब्रेकबद्दल थोडक्यात. थांबवायची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. एकूण 80 किलोंच्या तुलनेत 120 किलोंना उतारावर दीडपट उष्णता ब्रेकमध्ये जिरवावी लागते. क्रोम केलेल्या लोखंडी रीमवर रबर दाबणारे जुने दांड्यांचे ब्रेक पावसात जवळजवळ हात टेकतात. आपल्या पावसाळ्यात आणि घाटउतारांवर डिस्क ब्रेक ही चैन ठरत नाही, तारेवर चालणारा चांगला डिस्कही पुरतो. सपाट गावात अॅल्युमिनियम रीमवरचे व्ही-ब्रेक भागवतील. पायडल प्लास्टिकचे नकोत. आणि वजनाची मर्यादा लेखी पाहावी. आयएसओ 4210 हे सायकलींच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यानुसार निर्मात्याने सायकलला परवानगी असलेले वजन माहितीपुस्तिकेत द्यायचे असते. घडीच्या ब्रॉम्प्टनवर चालक आणि सामान मिळून 110 किलो ही मर्यादा आहे, बऱ्याच हायब्रिड सायकलींवर ती 100 ते 136 किलोंच्या दरम्यान सापडते. हा आकडा फक्त चालकाचा की सायकल आणि सामान धरून, हे नीट वाचावे, कारण तिथे पंधरा-वीस किलोंचा फरक पडतो. विचारायला लाज वाटू देऊ नये. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष 25 किंवा त्याहून अधिक बीएमआयचे निघाले. हा अपवादात्मक गिऱ्हाईक नाही. दुकानात वजनाची मर्यादा पाटीवर लिहिलेली नसते ही उणीव विकणाऱ्यांची आहे.

‘टिकेल की नाही ठाऊक नाही, मग आधी स्वस्तातली घेऊ’ हा विचार समजण्यासारखा आहे, कारण पैसे सगळ्यांचेच मोजके असतात. पण वाईट सायकलवर घेतलेली परीक्षा माणसाची होत नाही. पैसे कमीच असतील तर आठ-दहा हजारांच्या नव्या, चकचकीत, दोन्हीकडे शॉकअपवाल्या सायकलीपेक्षा चांगल्या कंपनीची जुनी, बिनशॉकअपची हायब्रिड घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत मागचे चाक 36 आऱ्यांनी नव्याने बांधून घ्यावे. सपाट गावात राहणाऱ्याला पारंपरिक काळी सायकलही वाईट नाही. तिचे चाक, तिची बैठक, तिचे चेनकव्हर सगळे भारासाठीच आहे, फक्त ब्रेक आणि चढ या दोन बाबतींत तिच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत. बॅटरीवरच्या सायकलीला ‘हा कसला व्यायाम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पायडल मारल्यावरच मदत देणाऱ्या सायकलींवर झालेल्या अभ्यासांचा 2018 मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात हा व्यायाम किमान मध्यम तीव्रतेचा ठरला. भारतात 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबवणाऱ्या अशा सायकलीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. चढाचे गाव, दुखरे गुडघे आणि शंभरावर वजन असे तिन्ही एकत्र असेल तर ती विचारात घ्यावीच. फक्त तिचे स्वतःचे वीस-पंचवीस किलो वजनमर्यादेच्या हिशोबात धरावेत. रस्ते सुरक्षित नाहीत, मग व्यायामशाळेतली सायकल काय वाईट, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. आपल्या शहरांत सायकलस्वाराला जागा नाही हे खरेच आहे आणि त्याचा दोष सायकलस्वाराचा नाही. सकाळी लवकर, आतल्या रस्त्यांनी, मागेपुढे दिवा लावून सुरुवात करणे एवढेच हाती आहे. ज्यांच्या आसपास तेही नाही, त्यांनी घरातली सायकल घ्यावी. सीटची रुंदी, उंची आणि क्रँकचा हिशोब तिथेही तोच लागू पडतो.

या सगळ्यातून वजन किती उतरेल, हेही सरळ सांगायला हवे. सावकाश सायकल चालवण्याचा व्यायाम बसून राहण्याच्या साधारण चौपट ऊर्जा खातो. शंभर किलोंच्या माणसाला अर्ध्या तासाला दोनशेच्या आसपास कॅलरी, त्यातून बसूनही खर्च झाल्या असत्या त्या वजा केल्या तर दीडशे, म्हणजे साधारण दीड पोळी. नुसत्या सायकलीने काटा भराभर खाली येत नाही. ते गृहीत धरून बसणारा निराश होतो. फायदा दुसरीकडे असतो. कोपनहेगनमधल्या तीस हजारांच्या आसपास माणसांच्या दीर्घकालीन अभ्यासात, जो 2000 साली प्रसिद्ध झाला, कामाला सायकलने न जाणाऱ्यांचे मृत्युप्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा 39 टक्के जास्त आढळले, आणि तेही इतर व्यायाम व जोखमी हिशोबात धरल्यावर. अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आहे. पाच दिवस रोज अर्धा तास केला की त्यातला खालचा आकडा गाठला. छातीत दुखणे, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

खरेदी करताना दुकानाभोवती एक चक्कर मारून निर्णय घेऊ नये. निदान वीस मिनिटे, शक्य तर एखाद्या चढासह, चालवू द्यायला सांगावे, कारण सीटचा आणि तळहातांचा त्रास पहिल्या पाच मिनिटांत कळतच नाही. पहिले दोन आठवडे दहा ते पंधरा मिनिटे पुरेत, पाय भराभर फिरतील इतका हलका गिअर ठेवावा आणि एका दिवसाआड विश्रांती द्यावी. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर चाके पुन्हा मेकॅनिककडे न्यावीत. नवे आरे या काळात आपापल्या जागी बसतात आणि ताण उतरतो, तो तेव्हाच भरून घेतला तर पुढे आरे तुटण्याचे प्रमाण फार कमी होते. त्याच वेळी ब्रेकच्या आणि गिअरच्या ताराही ताणून घ्याव्यात, क्रँकचे बोल्ट आवळून घ्यावेत आणि सीटची नळी तिच्यावरच्या किमान खोलीच्या खुणेपेक्षा वर आलेली नाही ना, ते पाहावे.